तुमच्या घरी रेडिओचा काटा कुठे असायचा?

गच्चीवरची तार

रेडिओच्या आठवणी म्हटलं की गाडी बिनाका गीतमालेच्या अमीन सायानींवर सुरू होते आणि गाण्यांच्या फर्माइशींसाठी गाजलेल्या झुमरी तलैयावर संपते. ती दोन्ही स्टेशनं येतीलच, पण मला जरा वेगळं विचारायचंय. तुमच्या घरी काटा बहुतेक वेळ कुठे असायचा, आणि तो हलवायचा हक्क कोणाचा होता?

आमच्याकडे साताऱ्याला मर्फीचा व्हॉल्व्हचा सेट होता. कपाटावर, पोरांचा हात पुरणार नाही अशा उंचीवर, पुढे आईने भरलेला पडदा. बटण पिरगाळलं की टक् असा आवाज, मग थोडा वेळ काहीच नाही, मग तो हिरवा डोळा हळूहळू उजळायचा आणि तापलेल्या धुळीचा वास यायचा. आवाज सगळ्यात शेवटी. अर्थिंगची तार खिडकीतल्या कुंडीत खुपसलेली होती. उन्हाळ्यात माती वाळली की खरखर वाढायची आणि दादा आतून ओरडायचे, "कुंडीला पाणी घाला रे!" शेजाऱ्यांना वाटायचं, या घराला बागेचं भारी वेड.

काटा पुण्यावर. सातला पाच कमी असताना संस्कृत बातम्या: "इयम् आकाशवाणी. सम्प्रति वार्ताः श्रूयन्ताम्. प्रवाचकः बलदेवानन्दसागरः." एवढं संस्कृत आमच्या गल्लीतल्या पानवाल्यालाही पाठ होतं. मग पुण्याच्या प्रादेशिक बातम्या, सुधा नरवणे यांचा आवाज. साडेआठला दिल्लीच्या मराठी बातम्या लागल्या आणि तुम्ही अजून अंघोळीला गेला नसाल, तर शाळेत छडी ठरलेली.

बुधवारी संध्याकाळी, गीतमालेच्या वेळी, मात्र दादा आपण होऊन फिरायला निघायचे. पुण्यावरून काटा हलवायचा नाही हा नियम त्यांचा, तो त्यांच्या देखत मोडायचा नाही, एवढंच. ते कोपऱ्यावरून वळले की आई स्टुलावर चढायची. शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोन (श्रीलंकेचं स्टेशन) शोधायचं म्हणजे केसभर इकडे गेलं की रशियन, केसभर तिकडे गेलं की शिट्टी. म्हणून आईने काचेवर पंचवीस मीटरच्या पट्ट्यात कुंकवाचा बारीक ठिपका लावून ठेवला होता. दादांनी तो कधी पुसला नाही आणि कशाचा आहे ते विचारलंही नाही.

आता तुम्ही सांगा.

गिरगावकरीण

आमचा काटा मुंबई ब. पाचशे सदतीस दशांश सहा मीटर्स अर्थात पाचशे अठ्ठावन्न किलोहर्ट्झ. झोपेतून उठवून विचारा.

चाळीत रेडिओ सगळ्यांकडे नव्हता, पण ज्यांच्याकडे होता त्या सगळ्यांचं स्टेशन एकच. त्यामुळे जिन्यापासून नळापर्यंत चालत गेलं तरी गाण्याची ओळ तुटत नसे. दुपारी वनिता मंडळ, तेव्हा बायका पुढ्यात सूप घेऊन तांदूळ निवडायला बसायच्या. संध्याकाळी सहाला कामगार सभा. आमच्या मजल्यावर पहिल्या पाळीचे गिरणीवाले होते, ते तोवर झोप काढून चहा घेत बसलेले असायचे. त्यांच्यासमोर कामगार सभा बंद करायची कोणाची टाप नव्हती, आमच्या आजोबांचीसुद्धा नाही.

आणि "पुन्हा प्रपंच" ही श्रुतिका! नीलम प्रभूंच्या मीनावहिनी, बाळ कुडतरकरांचे पंत, प्रभाकर जोशींचे टेकाडे भाऊजी. विषय काय, तर घरातलेच: महागाई, पाहुणे, नवऱ्याचा विसरभोळेपणा. पण त्यात दार वाजलं की आमच्या खोलीतलं कोणीतरी उठायचंच. आत्याची ठाम समजूत होती की टेकाडे भाऊजी गिरगावातच राहतात. समोरच्या बिऱ्हाडातल्या एका बिचाऱ्या गृहस्थांना तिने जन्मभर त्याच नावाने हाक मारली. तेही ओ द्यायचे.

हक्काचं म्हणाल तर दिवसा आजी, रात्री आजोबा. आम्हा मुलींना फक्त आवाज बारीक करायची मुभा.

खोपोलीचा घाट

+१. गंमत जंमत विसरलात ताई! बाकी सविस्तर नंतर, मोबाईलवरून टंकतोय.

खडूस मास्तर

धागा छान आहे, पण थोडं पाणी ओततो. तेव्हाच्या रेडिओवर निम्मा वेळ कंटाळा असायचा. हवामान, बाजारभाव, उद्घाटनांच्या बातम्या आणि विकासावरची भाषणं. आपल्याला फक्त गाणी आठवतात, कारण बाकीच्या वेळी आपण झोपा काढत होतो.

आणि हिंदी सिनेमाची गाणी ऐकायला परक्या देशाचं स्टेशन का लावावं लागत होतं, हा प्रश्न आईंच्या कुंकवाच्या ठिपक्याने झाकू नका. त्याचं उत्तर एक पुणेकर आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, १९५२ ते १९६२ माहिती आणि नभोवाणी मंत्री. सिनेसंगीत हलकं, पाश्चात्त्य वळणाचं, लोकांची अभिरुची बिघडवणारं, असं त्यांचं मत. आकाशवाणीवर त्याचा वेळ कापला. गाणं लावलं तरी सिनेमाचं नाव सांगायचं नाही, ती जाहिरात होते. निर्माते भडकले, गाण्यांचा परवाना काढून घेतला. इकडे आकाशवाणीवर भावगीतं आणि सुगम संगीत, तिकडे सिलोनवर दिवसभर सिनेमाची गाणी. लोक कुठे गेले हे सांगायला नकोच. ३ डिसेंबर १९५२ ला बिनाका गीतमाला सुरू झाली ती या भर मोसमात. शेवटी सरकारलाच ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती काढावी लागली, आणि सिलोनची जाहिरातींची कमाई बघून १९६७ मध्ये मुंबई, पुणे, नागपूरपासून तिथेही जाहिराती आल्या.

तरी आकाशवाणीवरची पेटीची, म्हणजे हार्मोनियमची, बंदी केसकरांच्या नावावर खपवतात ते चूक. ती १९४० ची, इंग्रजांच्या वेळची. ती उठायला सत्तरचं दशक उजाडलं.

शॉर्टवेव्ह

मास्तर, केसकरांची दुसरी बाजू लिहिली नाहीत. शनिवारी रात्री साडेनऊचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळात, १९५२ मध्ये सुरू झाला. आकाशवाणी संगीत संमेलनही त्यांच्याच काळातलं. संस्थानं खालसा झाल्यावर दरबारातले गवई-बजवय्ये रस्त्यावर आले होते, त्यांना हक्काचं मानधन रेडिओने दिलं. माझे वडील जळगावला कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेबनीस. त्यांनी आयुष्यात मैफलीचं तिकीट काढलं नाही, पण शनिवारच्या त्या तासावर त्यांचे कान इतके तयार झाले की गवयाने षड्ज लावला की नाव सांगायचे. सिनेमाच्या गाण्यांबाबत केसकर हट्टी होते हे मान्य. पण तोच हट्ट नसता तर वडिलांना मल्लिकार्जुन मन्सूर कुठे ऐकायला मिळाले असते?

सिलोन इतकं खणखणीत का यायचं, तेही सांगतो. महायुद्धात माउंटबॅटनच्या आग्नेय आशिया कमांडने सैनिकांसाठी सिलोनमध्ये रेडिओ सुरू केला होता. त्याचा १०० किलोवॅटचा शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर युद्धानंतर सिलोन सरकारच्या पदरात पडला. शॉर्टवेव्हचे तरंग आयनोस्फिअरवर आपटून परत खाली येतात, त्यामुळे कोलंबोहून निघालेला आवाज मधल्या गावांवरून उडी मारून थेट आपल्याकडे. मात्र तो थर हलता असतो. म्हणून आवाज लाटेसारखा चढायचा-उतरायचा आणि नेमका वरच्या पायदानाचं गाणं सांगताना बुडायचा.

गंमत म्हणजे गीतमाला कोलंबोत होतच नव्हती. ध्वनिमुद्रण आपल्या मुंबईत, स्पूल विमानाने कोलंबोला, आणि तिथून हवेतून परत मुंबईला.

गिरगावकरीण

मास्तर, कंटाळा होता हे कबूल. पण दुपारी घरात एकट्या असलेल्या बाईला बाजारभावसुद्धा सोबत वाटायचे. झोपा तुम्ही काढत होतात, आम्ही नाही.

खडूस मास्तर

हे मात्र लागलं. :)

पेढ्याची पुडी

१९७१ कोणीच काढलं नाही? ओव्हल!

२४ ऑगस्ट १९७१, गणेश चतुर्थी. आमच्याकडे दादरला गणपती बसलेला, घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि काका ट्रान्झिस्टर कानाला लावून मखराच्या मागे. तिथेच म्हणे बीबीसी नीट यायची. आदल्या दिवशी चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडला १०१ मध्ये गुंडाळलं होतं. आपल्याला १७३ हव्या होत्या. शेवटच्या दिवशी सुरुवातीलाच वाडेकर धावबाद. तो दादरचा, शिवाजी पार्कचा, म्हणजे घरातलाच कोणी बाद झाल्यासारखं सगळे गप्प. आजीने देवापुढे हात जोडले ते सोडलेच नाहीत.

दिवेलागणी झाली, आरतीची वेळ झाली, भटजींना पुढच्या घरी जायचं होतं आणि कोणी टाळ उचलेना. शेवटी भटजीच म्हणाले, "किती राहिल्या?" अबिद अलीने चौकार मारला तेव्हा मखरामागून काका असे काही उसळले की वरचा कागदी कंदील खाली आला. त्या दिवसाची आरती कोणत्या चालीत झाली ते विचारू नका. वाडेकर तेव्हा ड्रेसिंग रूममध्ये झोपला होता आणि केन बॅरिंग्टनने त्याला उठवून जिंकल्याचं सांगितलं, हे नंतर वाचलं. अख्खं दादर जागं ठेवून हा पठ्ठ्या झोपला होता.

इंग्रजी समालोचन अर्ध्यांना कळत नव्हतं. आपल्याकडच्या सामन्यांना मराठी समालोचनाला बाळ ज. पंडित असले की आजी क्षेत्ररक्षणावरही बोलायची.

सराफ्यातला मराठी

इंदूरकडून हजेरी. आमचा काटा मालवा हाऊसवर, म्हणजे आकाशवाणी इंदूर. घरात मराठी, रेडिओवर हिंदी आणि मालवी. क्रिकेटला आमचे सुशील दोशी. मराठी ऐकायची हुक्की आली की रात्री मिडीयम वेव्हवर मुंबई-पुणे शोधायचं. दिवसा नावालाही नाही आणि अंधार पडला की शेजारच्या खोलीत असल्यासारखं. आईच्या माहेरचं गाव "आपली आवड"मध्ये ऐकू आलं की तिचा पुढचा आठवडा छान जायचा.

मांडवीकाठ

गोव्याचा काटा वेगळ्याच भानगडीत होता, म्हणून सविस्तर लिहितो. यातलं बरंचसं वडिलांकडून ऐकलेलं.

पोर्तुगीज काळात पणजीहून एमिसोरा द गोवा चालायचं. पाश्चात्त्य संगीत उत्तम, बातम्या अर्थातच पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच्या. पण २५ नोव्हेंबर १९५५ पासून आणखी एक आवाज येऊ लागला: गोंयचे सोडवणेचो आवाज. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोघं सीमेपलीकडच्या जंगलातून, आधी आंबोलीच्या बाजूला आणि मग कॅसल रॉककडे, लपून प्रसारण करायचे. कोकणीत आणि पोर्तुगीजमध्ये. सापविंचू, पाऊस, जळवा, आणि हातात ट्रान्समीटर. पोर्तुगीज बातम्यांचा खोटेपणा दुसऱ्या दिवशी उघडा पडायचा. हे सहा वर्षं, गोवा मोकळा होईपर्यंत.

आमच्या घरी ते ऐकायची पद्धत अशी: आधी खिडक्या बंद, मग आवाज अगदी बारीक, आणि ऐकून झालं की काटा परत एमिसोरावर. हे परत आणणं सगळ्यात महत्त्वाचं. पोलीस आले तर पहिल्यांदा काटा बघतात अशी बोलवा होती. खरंच बघायचे की नाही देव जाणे, पण आजोबा झोपायच्या आधी उठून एकदा तपासायचे.

१८ डिसेंबर १९६१ ला भारतीय हवाई दलाच्या हंटर विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र उडवलं. वडील सांगायचे, गोवा मोकळा होतोय हे त्यांना रेडिओ गप्प झाल्यावर कळलं. दुसऱ्या दिवशी लिबिया लोबो विमानातून ध्वनिक्षेपकावर मुक्तीची घोषणा करत गोव्यावरून फिरल्या. इतकी वर्षं ज्यांचा आवाज खिडक्या लावून ऐकला, त्या डोक्यावरून मोठ्याने बोलत होत्या.

मग आकाशवाणी पणजी झाली आणि आमच्या घरात कोकणी-मराठी वाद सुरू झाला, तो अजून चालू आहे.

गच्चीवरची तार

मांडवीकाठ, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका हो. काटा परत आणायचा हे वाचून काटा आला. (क्षमस्व.)

अलकनंदा

गीतरामायणाशिवाय पुण्याचा काटा पूर्ण होत नाही. १ एप्रिल १९५५, रामनवमी, शुक्रवार, सकाळी पावणेनऊ. कल्पना सीताकांत लाड यांची, शब्द गदिमा, संगीत बाबूजी. वर्षभराचा बेत होता, त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून गीतं छप्पन्न झाली. रेडिओला हार घालायचे, उदबत्ती लावायचे हे सगळ्यांनी ऐकलेलं असेल. आमच्या सासूबाई त्यातल्या नव्हत्या. त्यांचं म्हणणं, हार कसला घालता, आधी पेटी पुसा. पण शुक्रवारी त्या वेळी त्या फोडणी घालत नसत. चुर्र आवाजात शब्द जातो म्हणून. भाजी चिरून तयार, तेल कढईत, आणि गॅस नव्हे हो, शेगडी, तिच्यातले निखारे राखेखाली झाकलेले. गाणं संपलं की मग मोहरी. घरातले सगळे पुरुष शुक्रवारी उशिरा जेवून कचेरीत जायचे, आणि सगळ्या पुण्यातच जात असावेत, कारण साहेबही उशिरा यायचा.

मला मात्र खरा हेवा वाटतो तो आठवडाभर थांबण्याचा. राम वनवासाला निघाला तो शुक्रवारी, मग शनिवारी-रविवारी तेच गीत पुन्हा, आणि नंतर कितीतरी दिवस तो तिथेच उभा. सासूबाई म्हणायच्या, त्या आठवड्यात गोड केलं नाही.

खडूस मास्तर

अलकनंदाताई, याला पाणी ओतायला माझ्याकडे काही नाही. भर घालतो: त्याच पुणे केंद्रावर तेव्हा व्यंकटेश माडगूळकर ग्रामीण कार्यक्रम बघत होते आणि पु. ल. देशपांडेही काही काळ आकाशवाणीतच होते. सरकारी कचेरीत अशी माणसं पगारावर होती! मी वर ज्याला कंटाळा म्हटलं, त्यातला शेतकऱ्यांचा कार्यक्रम माझे मामा सोलापूरकडच्या मळ्यावर बैल सोडता सोडता ऐकायचे आणि त्यातल्या बोलीतल्या चुका काढायचे.

खोपोलीचा घाट

आता सविस्तर. लायसन्स कोणाला आठवतंय का? रेडिओ ठेवायला पोस्टातून लायसन्स काढायचं, छोटंसं पुस्तक मिळायचं आणि दरवर्षी पैसे भरून त्यावर तिकीट-शिक्का घ्यायचा. ऐंशीच्या दशकात ते गेलं. आमच्या थोरल्या काकांनी नवा ट्रान्झिस्टर घेतला, चामड्याच्या भोकाभोकांच्या कव्हरातला, पण लायसन्सला टाळाटाळ. एकदा आळीत "इन्स्पेक्टर आलाय" अशी हूल उठली. काकूने तत्परतेने ट्रान्झिस्टर ज्वारीच्या पिठाच्या डब्यात पुरला. इन्स्पेक्टर आलाच नाही. पुढे तो ट्रान्झिस्टर कित्येक वर्षं चालला, पण आवाज मोठा केला की जाळीतून पीठ उडायचं. फौजी भाईंची जयमाला लागली की बास जरा जास्त, तेव्हा हमखास.

तांब्याची तार

माझा धंदाच दुरुस्तीचा होता, त्यामुळे लोकांचे काटे मीच हलवलेत. गिऱ्हाईक म्हणायचं, "सेट बिघडला." निम्म्या वेळा सेट ठणठणीत असायचा, आत डायलचा दोरा तुटलेला. बटण फिरतंय, स्टेशनही बदलतंय, पण काटा जागचा हलत नाही. लोकांना ते सहन व्हायचं नाही. ऐकू येतंय पुणे आणि काटा दाखवतोय मॉस्को.

तो दोरा ओवायला वेळ लागतो. बटणाच्या दांडीला दोन-तीन वेढे, मग गॅंग कंडेन्सरच्या (स्टेशन बदलणाऱ्या भागाच्या) मोठ्या चाकाला, वरच्या पुल्यांवरून आडवा, काट्याला चिमटा, आणि शेवटी चाकाच्या आत स्प्रिंगला गाठ. एक वेढा उलटा पडला की काटा उलट्या दिशेने चालतो. मग माहीत असलेलं स्टेशन लावायचं, पुणे असेल तर सातशे ब्याण्णव, आणि काटा बोटाने सरकवून त्या आकड्यावर बसवायचा. जुन्या काचांवर मला कुंकू, पेन्सिल, नेलपॉलिश, सगळं सापडलंय. काच पुसायच्या आधी मी विचारायचो.

नवीनच_आलेली

नमस्कार, वाचनमात्र होते, आज लिहितेय. आजोबांचा जुना फिलिप्स माळ्यावर सापडला. लाकडी, आत काचेचे व्हॉल्व्ह दिसतात. माझ्या आठवणीत तो कधी चालला नाही. बाबा म्हणतात फक्त घुंऽऽ आवाज यायचा म्हणून वर टाकला. प्लगमध्ये घालून बघू का? आणि चालला तर त्यावर आता काय लागेल?

तांब्याची तार

प्लगमध्ये थेट अजिबात घालू नका! इतकी वर्षं पडून राहिलेल्या सेटमधले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वाळलेले असतात. ते फुटतात, नाहीतर ट्रान्सफॉर्मर जाळतात. तुमचे बाबा म्हणतात तो घुंऽऽ त्याच फिल्टर कंडेन्सरचा. ते बदलायचेच. कागदी कंडेन्सरही सगळे बदला, फार महाग नसतात. पुण्यात असाल तर तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड.

मग पहिल्यांदा सुरू करताना साठ वॉटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये घाला, एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर पुढे जायला हरकत नाही. भगभगीत पेटून तसाच राहिला तर लगेच बंद, आत शॉर्ट आहे. व्हॉल्व्हना दोनशेच्या वर व्होल्ट मिळतात आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये ते साठून राहतात, तेव्हा आत बोट घालायचं नाही. जवळपास जुना मेकॅनिक असेल तर त्याच्याकडेच न्या.

चालला तर मिडीयम वेव्हवर तुमच्या भागात जे केंद्र अजून सुरू असेल ते लागेल, रात्री जास्त. एफएम त्यावर येणार नाही. विविध भारती हवी असेल तर ती फोनवर न्यूजऑनएअर ॲपमध्ये मिळते, त्यासाठी सेट उघडायची गरज नाही.

मागचा पुठ्ठा काढून फोटो टाका, व्हॉल्व्हवरचे नंबर वाचता येतील असा. आत मोठा ट्रान्सफॉर्मर दिसतोय का तेही सांगा. नसेल तर सेट एसी-डीसी आहे, त्याच्या पत्र्यातच करंट असू शकतो. तसं असेल तर बल्बचा प्रयोगही करू नका, आधी इथे विचारा.